आडवाटेच्या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी एडिटर कसा निवडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सी, जावा, पायथन शिकून झाल्यावर सोलापुरातली बरीच मुलं स्वतःहून एखादी वेगळी भाषा हातात घेतात. कुणी निम घेतं, कुणी झिग, कुणी ओकॅमल. कुणाला अभ्यासक्रमातलं प्रोलॉग मनापासून आवडतं, कुणाला संशोधनासाठी फोर्ट्रान शिकावं लागतं. भाषा समजायला लागते, पण एडिटर साथ देत नाही. पायथनमध्ये टिंब दिलं की यादी उघडायची, इथे काहीच होत नाही. या टप्प्यावर भाषाच सोडून देणारे पुष्कळ भेटतात. थोडी माहिती आधी मिळाली असती तर ते टिकले असते असं मला वाटतं, म्हणून ही उत्तरं लिहिली आहेत.

### ‘कमी सपोर्ट’ म्हणजे नक्की काय कमी असतं?

ते भाषेगणिक वेगळं असतं आणि निवड करण्याआधी तेच तपासायला हवं. कोड रंगीत दिसावा, अर्धं नाव टाइप केल्यावर पुढचं सुचावं, फंक्शन जिथे लिहिलंय तिथे उडी मारता यावी, चूक जागच्या जागी दिसावी आणि डीबगर चालावा, एवढी आपली एडिटरकडून अपेक्षा असते. यातलं काय आहे आणि काय नाही ते कागदावर लिहून काढा.

फोर्ट्रान १९५७ ची भाषा. तिचा जीफोर्ट्रान कंपायलर भक्कम आहे, जीडीबी डीबगर तिच्यावर व्यवस्थित चालतो, पण नावं सुचवणारी सोय तिला फार उशिरा मिळाली. ग्लीम या भाषेची १.० आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली, तरी एडिटरशी बोलणारा लँग्वेज सर्व्हर तिच्या कंपायलरसोबतच येतो, वेगळा बसवावा लागत नाही. भाषेचं वय किंवा प्रसिद्धी बघून अंदाज बांधला तर दोन्हीकडे फसायला होईल.

### आधी एडिटर ठरवू की आधी भाषेची अवजारं?

आधी अवजारं. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

जावासाठी इंटेलिजे बसवलं की बिल्ड, चाचण्या, डीबगर सगळं त्याच्यातूनच मिळतं. लहान समुदायाच्या भाषेत हा क्रम उलटा धरावा. कंपाइल करणं, चालवणं, चाचण्या घेणं, कोड नीट मांडणं ही चारही कामं पहिल्यांदा साध्या टर्मिनलवर जमली पाहिजेत. ती जमल्यावर एडिटरचा विचार करा.

कंपायलर आणि त्याच्यासोबत येणारी अवजारं भाषेच्या मुख्य मंडळींच्या हातात असतात. एडिटरचं एक्स्टेन्शन बहुतेक वेळा एखाद्याच माणसाने फावल्या वेळात लिहिलेलं असतं. त्याची नोकरी बदलली, घरात बाळ आलं, की काम थांबतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याने दिलं तेच पुष्कळ आहे. पण तुमचा सगळा प्रकल्प त्या एक्स्टेन्शनच्या बटणावर अवलंबून असेल, तर त्याच्याबरोबर तुम्हीही थांबता.

टर्मिनलवर काम करणं म्हणजे जुन्या काळात जाणं, असा एक गैरसमज दिसतो. ओकॅमलचं ड्यून हे बिल्ड अवजार ‘वॉच’ अवस्थेत चालू ठेवलं की फाईल सेव्ह करताच चुका समोर येतात. हॅस्केलसाठी जीएचसीआयडी नावाचं छोटं अवजार हेच काम करतं आणि ते क्वचितच बिघडतं. निमला ‘चेक’ हा उपआदेश आहे, तो प्रोग्रॅम न बांधता फक्त चुका तपासतो. ज्या भाषेत असं काहीच नाही तिथे लिनक्सवर ‘एन्टर’ नावाचं अवजार मिळतं. त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटचा ‘ई’ नाही, शोधताना तेवढं लक्षात ठेवा. फाईल बदलली की ते तुम्ही दिलेला कोणताही आदेश पुन्हा चालवतं. अर्ध्या पडद्यावर एडिटर आणि अर्ध्यावर हे टर्मिनल, एवढ्यावर मोठमोठे प्रकल्प उभे राहिले आहेत.

### लँग्वेज सर्व्हर म्हणजे काय? तो असला की सगळं सुटतं का?

पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागायची. दहा एडिटर आणि वीस भाषा असतील तर दोनशे जोड्या. अशा हिशेबात लहान भाषांच्या वाट्याला काहीच यायचं नाही. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्वी यांच्यासोबत लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एलएसपी, जाहीर केला. भाषेची समज एका स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये ठेवायची, आणि एडिटरने त्याला ठरलेल्या पद्धतीने प्रश्न विचारायचे: या नावाची व्याख्या कुठे आहे, इथे काय काय सुचवता येईल, या फाईलमध्ये चुका कोणत्या. भाषेने एक सर्व्हर लिहिला की तो व्हीएस कोड, निओविम, ईमॅक्स, केट, हेलिक्स सगळीकडे चालतो. आडवाटेच्या भाषांना याचा जेवढा फायदा झाला तेवढा दुसऱ्या कशाचाही झालेला नाही.

पण प्रोटोकॉलने फक्त बोलण्याची रीत ठरते. सर्व्हर हुशार आहे की नाही ते लिहिणाऱ्यावर अवलंबून. शिवाय आवृत्त्यांचा मेळ बसावा लागतो. झिग अजून १.० ला पोचलेली नाही, प्रत्येक आवृत्तीत भाषाच थोडी बदलते, त्यामुळे तिचा झेडएलएस हा सर्व्हर झिगच्या आवृत्तीशी जुळणाराच घ्यावा लागतो. हॅस्केलच्या सर्व्हरचंही जीएचसी कंपायलरच्या आवृत्तीशी असंच नातं आहे. तिथे जीएचसीअप हे अवजार दोन्ही बसवतं आणि कोणती जोडी चालेल ते दाखवतं, म्हणून हॅस्केल नेहमी त्यातूनच बसवावं. ‘काल चालत होतं, आज सुचवणं बंद झालं’ अशी तक्रार आली की माझा पहिला प्रश्न हाच असतो: मधे कंपायलर अपडेट केला का?

### सर्व्हर जिवंत आहे की बंद पडलाय, हे कसं ओळखायचं?

कंपायलरची शेवटची आवृत्ती कधी आली आणि सर्व्हरची कधी आली, या दोन तारखा शेजारी ठेवून बघा. सर्व्हर वर्ष-दोन वर्षं मागे असेल तर सावध व्हा. मग नोंदवलेल्या तक्रारींची यादी उघडा. तक्रारी जास्त असणं वाईट नाही, उत्तरं येत नसणं वाईट. सर्व्हर कंपायलरचाच कोड वापरतो की भाषेचं व्याकरण स्वतः पुन्हा लिहितो, तेही बघा. ओकॅमलचा सर्व्हर मर्लिनवर उभा आहे आणि मर्लिनमध्ये कंपायलरचाच टाइपचेकर आहे. निमचं निमसजेस्ट कंपायलरच्याच कोडमधून तयार होतं. अशी अवजारं भाषेची बारकावे असलेली रूपंही ओळखतात. वेगळं व्याकरण लिहिलेला सर्व्हर सोप्या कोडवर छान दिसतो आणि मॅक्रो किंवा जेनेरिक आले की गोंधळतो.

शेवटची खात्री मात्र स्वतःच्या खऱ्या फाईलवर करा. ‘हॅलो वर्ल्ड’वर सगळेच सर्व्हर पास होतात.

### सगळेजण व्हीएस कोड वापरतात. मीही तोच घेतला तर?

घ्या. आठ जीबी रॅम असेल आणि भाषेच्या अधिकृत संकेतस्थळावर व्हीएस कोडचं एक्स्टेन्शन सुचवलेलं असेल तर तो चांगला पर्याय आहे. फक्त एक्स्टेन्शन बाजारात भाषेचं नाव टाकून वर आलेलं पहिलं उचलू नका. एकाच भाषेची निरनिराळ्या लोकांनी लिहिलेली एक्स्टेन्शन्स तिथे असतात, आणि डाउनलोडचा आकडा बहुधा सर्वांत जुन्याचा मोठा असतो, मग ते बंद पडलेलं का असेना. भाषेच्या संकेतस्थळावरून दुवा घ्या.

व्हीएस कोडच्या मोकळ्या कोडपासून बांधलेला व्हीएसकोडियम वापरणार असाल तर त्याला मायक्रोसॉफ्टचा बाजार वापरायची परवानगी नाही. तो ओपन व्हीएसएक्स या दुसऱ्या साठ्यातून एक्स्टेन्शन घेतो. लहान भाषांची काही एक्स्टेन्शन्स तिथे पोचलेलीच नसतात, हे आधी तपासा.

एडिटर लोकप्रिय आहे म्हणून तो कायम राहीलच असंही नाही. ॲटम एके काळी विद्यार्थ्यांचा लाडका होता. गिटहबने १५ डिसेंबर २०२२ रोजी त्याचं काम कायमचं बंद केलं. ज्युलियाचं जुनो हे वातावरण ॲटमवरच उभं होतं. त्या मंडळींनी २०२० मध्येच व्हीएस कोडकडे वळायचा निर्णय घेतला, म्हणून ज्युलिया वापरणाऱ्यांचे हाल झाले नाहीत. असं वेळेवर हलण्याएवढी माणसं प्रत्येक भाषेकडे नसतात.

### माझा लॅपटॉप जुना आहे, चार जीबी रॅम. काय करू?

हा प्रश्न इथे सगळ्यांत जास्त येतो आणि त्याचं उत्तर आशादायक आहे. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर बांधलेला आहे, म्हणजे त्याच्यासोबत एक अख्खा क्रोमियम ब्राउझर चालतो. त्यावर लँग्वेज सर्व्हर आला, शेजारी खरा ब्राउझर उघडला, की चार जीबी संपते आणि मशीन डिस्कवर घरघर करत बसतं.

गीनी हा छोटा एडिटर बघा. लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर चालतो, पटकन उघडतो. त्यात बिल्डचे आदेश स्वतः भरता येतात आणि कंपायलरच्या चुकीच्या ओळीवर क्लिक करून त्या जागी जाता येतं. ज्या भाषेचं नावही त्याला माहीत नाही तिच्यासाठी ही सोय पुरेशी आहे. सुचवण्याची सोयही हवी असेल तर केडीईचा केट घ्या, त्यात एलएसपी आहे आणि तो इलेक्ट्रॉनवर नाही. टर्मिनलची सवय असेल तर हेलिक्स. त्यात एलएसपी आणि ट्री-सिटर (कोडचं व्याकरण ओळखून रंग द्यायला मदत करणारं अवजार) दोन्ही अंगभूत आहेत, प्लगइन शोधत बसावं लागत नाही, आणि ‘हेल्थ’ हा पर्याय दिला की कोणत्या भाषेसाठी कोणता सर्व्हर लागतो आणि तो सापडला की नाही याची यादीच दाखवतो. विंडोज सोडता येत नसेल तर नोटपॅड++ मध्ये भाषा स्वतः परिभाषित करायची सोय आहे. कीवर्ड आणि टिप्पणीची खूण भरली की कोड रंगीत दिसायला लागतो.

एडिटर हलका घेतला तरी सर्व्हर जड असू शकतो. हॅस्केलचा सर्व्हर मोठ्या प्रकल्पावर भरपूर मेमरी खातो. चार जीबीवर तो बंद ठेवून वर सांगितलेलं जीएचसीआयडी वापरा. काम अडत नाही.

### माझ्याकडे फक्त मोबाईल आहे.

ॲन्ड्रॉइडवर टर्मक्स बसवा, ते एफ-ड्रॉइड या मोकळ्या ॲप्सच्या साठ्यावरून घ्या. क्लँग हा सी कंपायलर, विम, ईमॅक्स त्यात मिळतात. प्रोलॉगसाठी ब्राउझरमध्ये चालणारं स्विश आहे, काही बसवावं लागत नाही. शक्य झाल्यास ब्लूटूथ कीबोर्ड जोडा. पडद्यावरच्या कीबोर्डवर कंस शोधण्यात निम्मा वेळ जातो.

### विंडोजवर या भाषा नीट चालतात का?

काही चालतात, काही अडखळतात. निम, झिग, फ्री पास्कल, स्वि-प्रोलॉग, रॅकेट यांना विंडोजवर फारसा त्रास नाही. ओकॅमल वर्षानुवर्षं विंडोजवर अवघड होतं. २०२४ मध्ये ओकॅमलची पॅकेजेस बसवणारं ओपॅम २.२ आलं आणि विंडोजचा अधिकृत आधार मिळाला. इंटरनेटवर सापडणारी त्याआधीची मार्गदर्शनं वाचून निराश होऊ नका, तारीख बघा. विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल चांगलं आहे, पण चार जीबीवर त्याच्या नादी लागू नये. त्यापेक्षा लिनक्सच शेजारी बसवलेलं परवडतं.

### काही भाषा स्वतःचं वातावरण घेऊन येतात. ते वापरू की ओळखीच्या एडिटरमध्येच राहू?

ते वापरा, निदान सुरुवातीला तरी. अशी वातावरणं त्या भाषेच्या लोकांनी स्वतःच्या गरजेतून बांधलेली असतात. रॅकेटचं डॉक्टर-रॅकेट उघडा, एखाद्या नावावर माउस न्या, ते नाव कुठून आलं आणि कुठे कुठे वापरलं ते बाणांनी दाखवतं. स्वि-प्रोलॉग यान विलेमाकर यांनी १९८७ मध्ये सुरू केलं. त्यात अंगभूत एडिटर आहे आणि चित्ररूप ट्रेसरही आहे. प्रोलॉग मागे कसं फिरतं हे त्या ट्रेसरवर एकदा पाहिलं की फळ्यावरच्या पाच तासिकांपेक्षा जास्त समजतं. एडासाठी नॅट स्टुडिओ आहे. फारोमध्ये तर कोड आणि वातावरण एकाच इमेज फाईलमध्ये राहतात, तिथे बाहेरचा एडिटर आणायचा हट्ट केला तर भाषेचा जीवच निघून जातो.

कॉमन लिस्पचं वातावरण म्हणजे ईमॅक्स आणि त्यावरचं स्लाइम. चालू प्रोग्रॅमच्या आत एकच फंक्शन बदलून लगेच वापरून बघण्याची त्या भाषेची जी पद्धत आहे, ती स्लाइममध्ये सगळ्यांत मोकळेपणाने अनुभवता येते.

### मग ईमॅक्स की विम?

लिस्प किंवा गणिती सिद्धता लिहायच्या ॲग्डासारखी भाषा असेल तर ईमॅक्स शिकणं फळतं. बाकी ठिकाणी जो येतो तो वापरा. ईमॅक्स २९ (२०२३) पासून एग्लॉट हा एलएसपी क्लायंट आतच येतो, निओविममध्ये ०.५ (२०२१) पासून आहे. या बाबतीत आता दोन्ही सारखेच.

### माझ्या भाषेला लँग्वेज सर्व्हरच नाही. आता?

मग कंपायलरकडूनच जास्तीत जास्त काम करून घ्यायचं.

कंपायलर चूक सांगताना फाईलचं नाव, ओळ आणि स्तंभ छापतो. तो मजकूर एडिटरला वाचायला शिकवला की चुकीवर थेट उडी मारता येते. विममध्ये यासाठी ‘एररफॉरमॅट’ आणि क्विकफिक्स यादी आहे, ईमॅक्समध्ये ‘कंपाइल’ आदेश, व्हीएस कोडमध्ये ‘प्रॉब्लेम मॅचर’. एका रेग्युलर एक्स्प्रेशनचं काम आहे, एक संध्याकाळ पुरते, आणि एकदा केलं की कुणाच्या एक्स्टेन्शनवर अवलंबून राहावं लागत नाही.

व्याख्येवर उडी मारायला युनिव्हर्सल सीटॅग्ज वापरा. भाषा त्याच्या यादीत नसेल तर फंक्शनची व्याख्या कशी दिसते याचा नमुना एका छोट्या फाईलमध्ये लिहून त्याला शिकवता येतं. एकाच नावाची दोन फंक्शन्स असली तर ते गोंधळतं, पण दहा-वीस फाईलींच्या प्रकल्पाला ते पुरतं. रंगांसाठी ट्री-सिटरचं व्याकरण कुणी लिहिलंय का ते शोधा. नसेल तर जवळच्या भाषेचे रंग तात्पुरते लावा.

आणि कोडमध्ये शोध घ्यायला रिपग्रेप. सर्व्हर असला तरी मी ते वापरतोच.

### डीबगर नाही, काय करायचं?

आधी खात्री करा की खरंच नाही. भाषा मशीन कोडमध्ये कंपाइल होत असेल आणि ड्वार्फ स्वरूपातली माहिती फाईलमध्ये ठेवत असेल तर जीडीबी तिच्यावर चालतो, भाषेच्या पानावर तसं लिहिलेलं असो वा नसो. निमचा कोड आधी सीमध्ये बदलतो. ‘डीबगर नेटिव्ह’ हा पर्याय देऊन बांधला तर जीडीबी निमच्या ओळी दाखवतो, फक्त नावांपुढे शेपटं लागलेली दिसतात. त्यासाठी निमसोबत एक जीडीबी स्क्रिप्ट येते, ती वापरा. हॅस्केलमध्ये जीएचसीआय, म्हणजे ओळी टाइप करून लगेच चालवून बघायची सोय, तिचा स्वतःचा डीबगर आहे. जिथे काहीच नाही तिथे छापून बघणं हा मार्ग आहे, आणि त्यात कमीपणा मानू नका. मात्र छापलेल्या ओळी कामानंतर काढून टाकता येतील अशी एक ठरावीक खूण त्यांना द्या.

### कोडमध्ये मराठी मजकूर असला की लाल रेघ भलत्याच जागी येते. का?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो इंग्रजीत काम करणाऱ्याला कधी दिसतच नाही.

‘सोलापूर’ हा शब्द घ्या. डोळ्याला चार अक्षरं दिसतात: सो, ला, पू, र. युनिकोडमध्ये काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून तिथे सात चिन्हं होतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे फाईलमध्ये हा शब्द एकवीस बाइटचा. आता ‘चूक कितव्या स्तंभावर आहे’ या प्रश्नाची चार, सात आणि एकवीस अशी तीन उत्तरं झाली. एलएसपीने सुरुवातीपासून यूटीएफ-१६ च्या एककात मोजायचं ठरवलं, त्या हिशेबाने उत्तर सात. पण लहान भाषांचे बरेच कंपायलर बाइट मोजतात, आणि सर्व्हर लिहिणाऱ्याने तो आकडा तसाच पुढे पाठवला तर ओळीत एकदा ‘सोलापूर’ आल्यावर रेघ चौदा घरं उजवीकडे सरकते. लिहिणाऱ्याने फक्त इंग्रजी कोडवर तपासलेलं असतं. तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे सगळं बरोबर दिसतं. २०२२ च्या एलएसपी ३.१७ पासून एडिटर आणि सर्व्हर मोजण्याची पद्धत आपापसात ठरवू शकतात, पण दोन्हीकडे ती सोय असेल तरच.

आपल्या गावात हा प्रश्न तिपटीने येतो. एखाद्या दुकानाचं बिल मराठीत हवं, पूर्व भागातल्या गिऱ्हाइकाला तेलुगूत, अक्कलकोटकडच्याला कन्नडमध्ये. तिन्ही लिप्यांची चिन्हं यूटीएफ-८ मध्ये तीन-तीन बाइटचीच आहेत. म्हणून उपाय एकच: भाषांतराचा मजकूर कोडमध्ये लिहूच नका. प्रत्येक भाषेची वेगळी फाईल करा आणि कोडमध्ये फक्त किल्ली ठेवा. रेघ जागेवर येते, शिवाय तेलुगू मजकूर तपासणाऱ्याला कोड उघडावा लागत नाही.

दिसण्याचा प्रश्न वेगळा. अनेक टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीची घरं देतात, त्यात ‘श्री’ किंवा ‘क्ष’ची जोडाक्षरं तुटतात आणि कर्सर पुढे-मागे दिसतो. मराठी मजकुराची फाईल खिडकीत चालणाऱ्या एडिटरमध्ये उघडा. गीनी, केट, खिडकीतला ईमॅक्स, व्हीएस कोड ही जोडाक्षरं नीट दाखवतात.

### चादरीच्या कारखान्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहायचाय. त्यासाठी अशी भाषा घ्यावी का?

तुमच्यानंतर तो कोण सांभाळणार, यावर ते अवलंबून आहे. एमआयडीसीतल्या ऑफिसात बहुधा जुनं विंडोज मशीन असतं, नेट कधी असतं कधी नसतं, आणि मालकाला फक्त चालणारा प्रोग्रॅम हवा असतो. सुताचा साठा, मागावरचं रोजचं उत्पादन, मजुरीचा हिशेब अशा फॉर्मवाल्या कामासाठी मी लॅझारस सुचवतो. फ्री पास्कलवर चालतो, पडद्यावर बटणं-खाने मांडून फॉर्म तयार होतो, एकच एक्झी फाईल निघते, आणि ती कमी ताकदीच्या मशीनवर पळते. पास्कलची आज चर्चा होत नाही, पण अशा कामाला इतकं पूर्ण वातावरण मोफत मिळणं दुर्मीळ आहे.

जेकार्डच्या नक्षीसाठी चित्राचे काळे-पांढरे चौकोन करण्यासारखं काम असेल तर निम किंवा झिग चालेल, तिथेही एकच फाईल निघते. पण कारखान्यात प्रोग्रॅम देताना कोड, कंपायलरचं इन्स्टॉलर आणि बांधण्याचा आदेश लिहिलेला कागद हे तिन्ही मालकाकडे ठेवा. फक्त एडिटरचं बटण दाबून बांधता येणारा प्रकल्प कुणाच्या हाती देऊ नये.

### लाईट आणि नेट दोन्ही जातात, त्याची तयारी?

भाषेची मदतपुस्तिका उतरवून ठेवा. झील हे अवजार अनेक भाषांचे दस्तऐवज ऑफलाइन दाखवतं, आणि तुमची भाषा त्यात नसली तर तिचं एचटीएमएल स्वरूप बहुतेक वेळा मिळतं. लागणारी पॅकेजेस एकदा प्रकल्पात आणून ठेवा. एडिटरची आपोआप सेव्ह करायची सोय चालू करा. विम असेल तर त्याची स्वॅप फाईल बंद करू नका, एप्रिल-मेमध्ये ती उपयोगी पडते.

### मी शिकवतो. लॅबमध्ये काय बसवावं?

सगळ्या मशीनवर कंपायलरची एकच आवृत्ती, आणि सेमिस्टर संपेपर्यंत अपडेट बंद. मुलांना पहिले दोन आठवडे टर्मिनल आणि गीनीसारखा साधा एडिटर द्या, सुचवण्या नंतर. ज्याला स्वतःच्या लॅपटॉपवर दुसरं काही वापरायचं आहे त्याला वापरू द्या. गुण प्रोग्रॅमला द्यायचे असतात.

### एआय सहाय्यक ही उणीव भरून काढतील ना?

समजावून घ्यायला, चुकीच्या संदेशाचा अर्थ विचारायला मदत होते. कोडच्या बाबतीत जपून. या भाषांचा लिहिलेला मजकूर जगात कमी आहे, म्हणून सहाय्यक शेजारच्या भाषेतलं फंक्शन बिनधास्त निमच्या नावावर खपवतो, किंवा झिगच्या जुन्या आवृत्तीतला कोड देतो जो आज कंपाइल होत नाही. सर्व्हर नसेल तेव्हा ही चूक एडिटर दाखवणार नाही. प्रत्येक तुकडा लगेच कंपाइल करून बघा.

### अवजारांमध्ये मी स्वतः काही भर घालू शकतो का? अजून विद्यार्थी आहे.

हो, आणि लहान भाषेत तुमची भर खरोखर लागते. मोठ्या भाषेत हजारो लोक असतात, इथे तुमची एक नोंद मुख्य माणूस स्वतः वाचतो. रंगांच्या फाईलमध्ये सुटलेला कीवर्ड, गीनीसाठी भाषेची फाईल, विंडोजवर बसवण्याच्या सूचनांमधली जुनी पायरी, यातलं काहीही चालेल. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर बाइट आणि स्तंभाचा तो प्रश्न घ्या. लहान भाषांचे सर्व्हर एकेक करून देवनागरी, तेलुगू आणि कन्नड ओळींवर तपासा, जिथे रेघ सरकते तिथे दुरुस्ती पाठवा. हे काम सोलापुरातला विद्यार्थी ज्या सहजतेने करेल तशी संधी इंग्रजीतच लिहिणाऱ्याला मिळत नाही.

चूक नोंदवताना कंपायलर, सर्व्हर आणि एडिटर या तिघांच्या आवृत्त्या लिहा. चूक दाखवणारी लहानात लहान फाईल जोडा, शक्यतो पाच ओळींची. काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं ते दोन वाक्यांत सांगा, इंग्रजी साधं असलं तरी चालतं. मराठी मजकुराचा प्रश्न असेल तर चित्रासोबत तो मजकूरही कॉपी करून द्या, म्हणजे समोरच्याला तो टाइप करत बसावं लागणार नाही. महिनाभर उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा.